पाऊल केवढे टाकायचे?

संगणक 'शिकतो' असे हल्ली सर्रास बोलले जाते. मोबाइल आवाज ओळखायला शिकतो, यंत्र बुद्धिबळ शिकते, भाषांतर शिकते. ज्यांचे सारे आयुष्य 'शिकणे' ह्या शब्दाभोवती जाते त्या शिक्षकांनी तरी हा शब्द इतक्या स्वस्तात सोडून देऊ नये, असे आम्हाला वाटते. शिकले म्हणजे नेमके काय केले, आणि शिकलेले बरोबर आहे हे कशावरून, हे दोन प्रश्न आपण वर्गात रोज विचारतो. तेच यंत्रालाही विचारले पाहिजेत. ह्यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा ज्यांनी चाळीसहून अधिक वर्षे केला आहे अशा एका विद्युत अभियंत्याच्या कामाची ओळख येथे करून द्यायची आहे. त्यांचे नाव प्रा. विवेक श्रीपाद बोरकर. परंतु माणसाच्या आधी सूत्राकडे वळू.

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. समजा, येथून सकाळी मुंबईला जाणाऱ्या एका विद्यार्थिनीला तिची नेहमीची गाडी सरासरी किती मिनिटे उशिरा येते हे काढायचे आहे. पहिल्या दिवशी उशीर ४ मिनिटे, दुसऱ्या दिवशी १०, तिसऱ्या दिवशी १, चौथ्या दिवशी ५. बेरीज २०, भागिले ४, सरासरी ५. हे झाले आपल्या पाठ्यपुस्तकातले गणित. ह्यासाठी सगळे जुने आकडे जपून ठेवावे लागतात. पण दुसरीही रीत आहे. पहिल्या दिवशी अंदाज ४ धरावा. दुसऱ्या दिवशी १० आले, म्हणजे अंदाज ६ ने चुकला; चुकीच्या निम्म्याने तो सुधारावा : ४ + ३ = ७. तिसऱ्या दिवशी १ आले, चूक उणे ६; तिच्या एकतृतीयांशाने सुधारावे : ७ − २ = ५. चौथ्या दिवशी ५ आले, चूक शून्य, अंदाज ५ च राहिला. पाचव्या दिवशी १५ मिनिटे उशीर झाला तर चूक १०, तिचा पाचवा हिस्सा २, नवा अंदाज ७. पाचही आकड्यांची बेरीज ३५ होते. तिला ५ ने भागून पाहावे.

उत्तर तेच येते, पण वहीत केवळ दोनच गोष्टी ठेवाव्या लागल्या : आजचा अंदाज आणि दिवसाचा क्रमांक. सूत्र असे लिहिता येईल : नवा अंदाज = जुना अंदाज + पाऊल × चूक. यंत्र 'शिकते' तेव्हा बहुतेक वेळा हेच करीत असते. अंदाजाच्या जागी एक आकडा असो की कोट्यवधी, सूत्राचा सांगाडा बदलत नाही. सगळा प्रश्न पाऊल केवढे टाकायचे एवढाच.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीचे उदाहरण घेऊ. मालकाला साखरेचे योग्य प्रमाण ठाऊक नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या शेऱ्यावरून ते त्याला शोधायचे आहे. एक म्हणतो 'फार गोड', दुसरा म्हणतो 'साखर विसरलात काय?' शेऱ्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : चहाचा खरा दोष आणि त्या गिऱ्हाइकाची जीभ. प्रत्येक शेऱ्यानंतर चमचाभर साखर वाढवली-घटवली तर चहा जन्मभर झुलत राहील. म्हणून पाऊल हळूहळू लहान करीत गेले पाहिजे. पण किती हळूहळू? अर्धा चमचा, पाव चमचा, अष्टमांश असे निम्मेनिम्मे करीत गेलो तर सगळ्या पावलांची बेरीज मिळून एक चमचा होते. योग्य प्रमाण तीन चमचे दूर असेल तर हा मनुष्य तेथे कधीच पोचणार नाही. मध्येच थांबेल आणि आपण पोचलो असे समजेल. ह्याउलट अर्धा, एकतृतीयांश, पाव, एकपंचमांश अशी पावले टाकली तर ती लहान तर होत जातात, पण त्यांच्या बेरजेला मर्यादा नसते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना श्रेढी शिकवताना ह्या दोन श्रेढींतला फरक आपण फळ्यावर सांगतोच. तो टपरीवर असा उपयोगी पडतो.

हर्बर्ट रॉबिन्स आणि सटन मनरो ह्या दोघांनी १९५१ मध्ये हा प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला आणि सोडवला. रॉबिन्स म्हणजे कूरांट यांच्यासमवेत 'व्हॉट इज मॅथेमॅटिक्स?' हे विख्यात पुस्तक लिहिणारेच. त्यांच्या अटी दोन. पावलांची बेरीज अमर्याद असावी, म्हणजे कोठूनही निघाले तरी पोचता येते. पावलांच्या वर्गांची बेरीज मात्र मर्यादित असावी. वर्ग कशासाठी? प्रत्येक निरीक्षणात थोडा यादृच्छिक गोंगाट असतो. त्याला पावलाने गुणले की त्याचे विचरण पावलाच्या वर्गाने गुणले जाते, आणि स्वतंत्र गोंगाटांच्या बेरजेत विचरणांची बेरीज होते. वर्गांची बेरीज मर्यादित राहिली, तर आजवर शिरलेला सगळा गोंगाटही मर्यादेत राहतो. १, १/२, १/३ ह्या पावलांच्या वर्गांची बेरीज पायच्या वर्गाच्या सहाव्या हिश्श्याइतकी, सुमारे १.६४५ भरते. तेव्हा ही पावले दोन्ही अटींत बसतात.

अभियंत्यांच्या हाती हे सूत्र थोड्या वेगळ्या वाटेने आले. त्यांना सिग्नलमधून नको ते काढून टाकायचे होते. हृदयाचा आलेख काढताना विजेच्या तारांची आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तनांची गुणगुण त्यात मिसळते. गुणगुण किती मिसळली हे आधी ठाऊक नसते. रोगी हलला की तेही बदलते. उपाय असा : भिंतीतल्या वीजजोडणीतून नुसती गुणगुण वेगळी मोजावी, तिला एका गुणकाने गुणून आलेखातून वजा करावी, आणि उरले त्यात अजून गुणगुण आहे का ते पाहावे. उरलेला सिग्नल आणि गुणगुण यांचा गुणाकार घ्यावा. तो सरासरीने धन येत असेल तर गुणगुण अजून उरली आहे, गुणक वाढवावा. ऋण येत असेल तर जास्तच वजा झाली, घटवावा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या बर्नार्ड विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी टेड हॉफ यांनी १९६० मध्ये ही सुधारण्याची रीत दिली. पुढे इंटेल कंपनीत मायक्रोप्रोसेसरच्या निर्मितीत ज्यांचा वाटा होता ते हेच हॉफ. १९७५ मध्ये विड्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच रीतीने आईच्या हृदयाचे ठोके वजा करून पोटातल्या बाळाच्या हृदयाचा आलेख मोकळा करून दाखवला. दूरध्वनीवर स्वतःच्याच आवाजाचा प्रतिध्वनी ऐकू येऊ नये म्हणून जी व्यवस्था असते तीही ह्याच कुळातली.

येथे पाऊल शून्याकडे नेत नाहीत, लहान पण ठरावीक ठेवतात. कारण शोधायची गोष्टच जागा बदलते. मोठे पाऊल बदल चटकन पकडते पण थरथरते. लहान पाऊल स्थिर असते पण मागे पडते. दोन्ही एकदम मिळत नाही.

आता बोरकरांकडे येऊ. जन्म १९५४ चा, महाराष्ट्रातला. १९७६ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.तून विद्युत अभियांत्रिकीची पदवी, पुढल्या वर्षी अमेरिकेत केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाची एम.एस., १९८० मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट. तेथले त्यांचे मार्गदर्शक प्रवीण वरैया हेही मुंबईचेच, माटुंग्याच्या व्ही.जे.टी.आय.मधून शिकून गेलेले. परतल्यावर टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बंगळूर केंद्र, १९८९ पासून तेथलीच भारतीय विज्ञान संस्था, १९९९ पासून मुंबईची टाटा संस्था, आणि २०११ मध्ये पुन्हा जेथून निघाले त्या पवईच्या आय.आय.टी.त. १९९२ चा भटनागर पुरस्कार त्यांना अभियांत्रिकी विज्ञानासाठी मिळाला, आणि २००६ मध्ये माद्रिद येथे भरलेल्या जागतिक गणित परिषदेत त्यांना व्याख्यानाचे निमंत्रण होते. एकाच माणसाचा गौरव दोन्ही घरांत व्हावा हे आपल्याकडे फारसे घडत नाही. अकरावीपासून मुलांना 'तू गणिताचा की इंजिनियरिंगचा?' असे विचारण्याची आपली सवय त्याला कारण असावी. पुरस्कारांची यादी आणखी लांबवता येईल, पण त्याने काम समजत नाही.

त्यांच्या कामाचा एक मोठा भाग म्हणजे वरच्या सूत्राकडे निराळ्या नजरेने पाहणे. ही नजर सर्वस्वी त्यांची नव्हे. स्वीडनच्या लेनार्ट ल्युंग यांचा १९७७ चा निबंध ह्या बाबतीत मैलाचा दगड मानतात. कल्पना अशी : प्रत्येक पाऊल म्हणजे घड्याळाची एक टिकटिक समजा, आणि पावलाएवढाच वेळ गेला असे धरा. १/१०००, १/१००१ अशी पावले टाकीत हजाराव्या निरीक्षणापासून २,७१८ व्या निरीक्षणापर्यंत गेलो तर बेरीज जवळजवळ १ होते. म्हणजे ह्या नव्या घड्याळात एकच एकक वेळ गेला, पण तेवढ्यात सतराशेहून अधिक निरीक्षणे होऊन गेली. प्रत्येक निरीक्षणातला गोंगाट साधारण १ एकक मानला तर ह्या काळात साचलेला गोंगाट किती? वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ०.०२५ च्या आसपास येतो. खरी चूक सुधारण्यासाठी एक एकक वाटचाल आणि गोंगाटाने दिलेला धक्का त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याचा! पुढे पुढे तर तो आणखी घटतो. याचा अर्थ, दुरून पाहिले तर ही अडखळत चालणारी आकडेमोड एका गुळगुळीत वक्रावरून, म्हणजे एका अवकल समीकरणाच्या उत्तरावरून चालत असते. मग यंत्र कोठे जाऊन थांबेल हा संभाव्यतेचा अवघड प्रश्न, उतारावरचे पाणी कोठे साचेल अशा प्रश्नात बदलतो. त्याची उत्तरे गणितात शंभर-दीडशे वर्षांपासून तयार आहेत.

पण ह्या युक्तिवादाला एक अट असते : आकडे मध्येच हाताबाहेर जाऊन अनंताकडे पळता कामा नयेत. तसे होणार नाही हे आधी कोणी सांगायचे? २००० मध्ये बोरकर आणि अमेरिकेतले शॉन मेन यांनी ह्याची एक सोयीची कसोटी दिली. तेच समीकरण फार दुरून, जणू आकाशातून पाहावे; त्या नजरेला जे ढोबळ समीकरण दिसते त्यातली प्रत्येक वाट मूळबिंदूकडे परतत असेल तर आकडे पळत नाहीत. ही कसोटी आज त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते.

दुसरे काम १९९७ चे. एकट्या लेखकाचा, थोड्याच पानांचा निबंध. त्यात प्रश्न असा की दोन शिकणारी सूत्रे एकमेकांवर अवलंबून असतील तर काय करायचे? समजा एक खेळाडू आहे आणि एक परीक्षक. खेळाडू परीक्षकाच्या गुणांवरून खेळ सुधारतो. परीक्षक मात्र खेळाडूचा खेळ पाहूनच गुण द्यायला शिकतो आहे. दोघेही एकदम बदलत राहिले तर कोणाचाच पाय टेकणार नाही. खरे तर एकाला थांबवून दुसऱ्याला पुरते शिकू द्यावे, मग पहिल्याने एक पाऊल टाकावे. पण त्याला फार वेळ लागतो. बोरकरांचे उत्तर घड्याळाच्या काट्यांसारखे आहे. दोघांनाही चालू द्या, पण एकाची पावले दुसऱ्याच्या मानाने उत्तरोत्तर लहान होत जाऊ द्या. मिनिटकाट्याच्या दृष्टीने तासकाटा जागचा हलत नाही. तासकाट्याच्या दृष्टीने मिनिटकाटा केव्हाच आपल्या जागी पोचलेला असतो. आकड्यांत सांगायचे तर संथ सूत्राची पावले १/न आणि जलद सूत्राची १/न^०.६ अशी घ्यावीत. दहा हजाराव्या खेपेला पहिले पाऊल ०.०००१ असते तर दुसरे सुमारे ०.००४, म्हणजे चाळीसपट. हे गुणोत्तर वाढतच जाते, आणि दोन्ही पावले रॉबिन्स-मनरोंच्या अटीही पाळतात. अशी जोडी कोठे पोचेल हे त्यांनी सिद्ध करून दिले. १९९९ मध्ये व्ही. आर. कोंडा यांच्यासमवेत ह्याच कल्पनेवर त्यांनी खेळाडू-परीक्षक पद्धतीच्या शिकण्याची सूत्रे मांडली.

त्या काळी अशा सूत्रांना ग्राहक थोडे होते. २०१४ मध्ये चित्रे 'काढणाऱ्या' यंत्रांची एक नवी पद्धत निघाली. तिच्यात एक जाळे खोटी चित्रे बनवते आणि दुसरे खऱ्या-खोट्याची पारख करते. दोन्ही एकाच वेळी शिकतात. ही जोडी नीट टेकत नाही अशी सर्वत्र तक्रार होती. २०१७ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ येथील संशोधकांनी दोघांना वेगवेगळ्या वेगाची पावले दिली आणि ती टेकू शकते हे दाखवले. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो वीस वर्षांपूर्वीच्या बोरकरांच्या निबंधाचा. हे वाचून कोणी 'पाहा, मूलभूत संशोधन शेवटी उपयोगी पडतेच' असे म्हणेल. आम्ही तेवढ्यावर समाधानी नाही. अनेक सुंदर प्रमेये कधीच उपयोगी पडत नाहीत, आणि ती कोणती हे आधी कळण्याची सोय नाही. प्रयोगशाळांना अनुदान देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

बोरकरांचे सर्वांत आधीचे महत्त्वाचे काम आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण शिक्षकांना ते सर्वाधिक जवळचे वाटेल. विद्यार्थी असतानाच, १९७९ मध्ये, त्यांनी वरैयांसमवेत एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातले यंत्र असे : जगाविषयी काही ठरावीक शक्यता आहेत, त्यांपैकी एक खरी. यंत्र आजवरच्या अनुभवाशी सर्वांत जुळणारी शक्यता निवडते, तीच खरी मानून उत्तम ते वागते, अनुभव घेते, पुन्हा निवडते. ह्यापूर्वी १९७४ मध्ये प्रागच्या पेत्र मांडल यांनी दाखवले होते की काही अटी पाळल्या तर असे यंत्र अखेर सत्याला पोचते. त्या अटी काढून घेतल्या तर? बोरकर आणि वरैया यांचे उत्तर : यंत्र टेकते, पण सत्यावर टेकेलच असे नाही. ते अशा एखाद्या चुकीच्या शक्यतेवर टेकू शकते की त्या शक्यतेप्रमाणे वागले असता येणारा अनुभव आणि खरे जग देत असलेला अनुभव हुबेहूब सारखे असतात. मग पुरावा कितीही गोळा करा, चूक उघडी पडत नाही. यंत्रात बिघाड नाही, गणितात चूक नाही, निरीक्षणे खरी आहेत. आणि तरीही निष्कर्ष खोटा.

विठ्ठलवाडीच्या त्याच विद्यार्थिनीचे पाहा. तिचा समज झाला की येथून थेट गाडीत चढण्यापेक्षा शेअर रिक्षाने कल्याण गाठून तेथून सुटणारी लोकल पकडणे बरे. ती रोज तसेच करते. रिक्षाला किती वेळ लागतो, कल्याणला गर्दी किती, ह्याचा तिचा अंदाज दिवसेंदिवस अचूक होत जातो. थेट गाडीविषयीचा अंदाज मात्र पहिल्या आठवड्यातल्या एका वाईट सकाळवर उभा आहे, आणि तो तपासला जाईल असा प्रसंगच तिच्या आयुष्यात येत नाही. वर्गातही असेच घडते. मागच्या बाकावरच्या मुलाला येत नाही असे एकदा वाटले की त्याला प्रश्न विचारला जात नाही. विचारला जात नाही म्हणून त्याला येते हे कळत नाही. वर्षअखेरीस शिक्षकाचा अनुभव त्याच्या समजुतीशी तंतोतंत जुळलेला असतो. आज कर्ज कोणाला द्यावे, नोकरीच्या अर्जांतले कोणते बाजूला काढावेत ह्यासाठी शिकणारी यंत्रे वापरतात, तेथे ह्या गोष्टीला फार महत्त्व आहे. ज्याला कर्ज नाकारले तो ते फेडू शकला असता की नाही, हे यंत्राला कधीच समजत नाही.

हे वर्गात करून पाहता येते. प्रत्येक गटाला दोन डबे द्या. पहिल्या डब्यात दहा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर ५ गुण. दुसऱ्यात दहा चिठ्ठ्या, सहांवर १० आणि चारांवर ०. दुसऱ्या डब्याची सरासरी ६, म्हणून तोच चांगला. पण हे मुलांना सांगू नका. नियम असा : प्रत्येक डब्यातून एकेक चिठ्ठी काढून आरंभ करायचा, चिठ्ठी परत टाकायची, दोन्ही डब्यांची सरासरी लेखाच्या आरंभीच्या सूत्राने ठेवायची, आणि पुढे दर वेळी ज्याची सरासरी मोठी त्याच डब्यात हात घालायचा. ज्या गटाला दुसऱ्या डब्यातून पहिल्यांदाच शून्य मिळेल तो पुन्हा त्या डब्याकडे फिरकणार नाही, आणि असे होण्याची संभाव्यता ०.४ आहे. काही गट आरंभी १० मिळूनही पुढच्या एक-दोन शून्यांनी अडकतील. त्यांची वही नीट तपासा. तीत एकही आकडा चुकलेला नसेल.

मग नियम बदला : दर पाचव्या खेपेला नावडत्या डब्यातून काढायचे. आता कोणी कायमचा अडकणार नाही, पण खरे उत्तर सापडल्यानंतरही अशा प्रत्येक खेपेत सरासरी १ गुण बुडेल, शंभर खेपांत साधारण २०. ही शिकण्याची किंमत झाली. ती कमी करायची असेल तर नावडता डबा पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, सोळाव्या अशा दुपटीने लांबणाऱ्या खेपांनाच उघडावा. तो उघडणे कधीच बंद होत नाही, पण शंभर खेपांत सातदाच उघडावा लागतो. सात खेपा पुरतात का, की वाईट सुरुवात झालेल्या गटाला त्या फारच उशिरा येतात, हे मुलांनाच खेळून ठरवू द्यावे; दोन तास हाताशी असतील तर खेपा दोनशेपर्यंत न्याव्यात.